विल्सन डिसीज : तीस हजारांत एक म्हणतात, पण ओपीडीत नेमका किती?

तालुका_फिजिशियन

विल्सन म्हणजे शरीरात तांबं साठत जाऊन यकृत आणि मेंदू बिघडवणारा जन्मजात आजार. पुस्तकात त्याचं प्रमाण ३०,००० लोकांमागे १ असं दिलेलं असतं. इंग्लंडमधल्या २०१३च्या जनुकीय अभ्यासात तोच आकडा ७,०२६ मागे १ निघाला. फ्रान्समध्ये निदान झालेले रुग्ण मोजले तर लाखामागे जेमतेम दीड. आजार एकच, मग धरायचा कुठला आकडा?

विचारतोय ते आकड्यांच्या हौसेपोटी नाही. जनरल मेडिसिनच्या ओपीडीत एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ७०-९० असलेले पेशंट रोजच असतात. सगळ्यांना सेरुलोप्लाझ्मिन (रक्तातलं तांबं वाहणारं प्रथिन, विल्सनमध्ये बहुधा कमी) लिहायचं का? नाही, तर कोणाला? लिहिलं आणि रिपोर्ट १७ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आला (लॅबची खालची मर्यादा २०), तर पुढे काय? आणि घरात एक पक्का रुग्ण सापडला तर बाकीच्यांचं कधी, कसं तपासायचं, हेही कोणी सविस्तर लिहिलं तर बरं होईल.

यकृतवाला

सर, तिन्ही आकडे बरोबर आहेत. प्रत्येकात मोजलेली वस्तू वेगळी आहे, एवढंच.

३०,०००चा आकडा शाइनबर्ग आणि स्टर्नलीब यांच्या १९८४च्या अंदाजावरून आला. वाहक, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेली निरोगी माणसं, ९० जणांत १, हेही तिथूनच. फ्रान्सचा आकडा म्हणजे डॉक्टरांच्या हाती लागलेले रुग्ण. ७,०२६चा आकडा म्हणजे विल्सनला कारणीभूत एटीपी७बी जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील अशी अपेक्षित माणसं, मग ती आजारी पडोत वा न पडोत. काही दोष सौम्य असतात आणि आयुष्यभर त्रास देत नाहीत. काही माणसं 'सिरॉसिस, कारण अज्ञात' असा शिक्का घेऊन जातात, तर काहींच्या केस पेपरवर मानसिक आजाराचं लेबल असतं. मधली तफावत या सगळ्यांची मिळून झालेली आहे.

महाराष्ट्राला लावून बघा. २०११च्या जनगणनेत आपण ११ कोटी २४ लाख होतो. ३०,०००च्या हिशेबाने विल्सनचे रुग्ण पावणेचार हजारांच्या घरात, ७,०२६च्या हिशेबाने सोळा हजारांच्या. हे युरोपातले दर आपल्याला उसने लावलेत, तेव्हा आकडा निव्वळ अंदाज घेण्यापुरता.

आता ओपीडी. इथे बहुतेकांची गल्लत होते. वाहकांपैकी साधारण २० टक्क्यांमध्ये सेरुलोप्लाझ्मिन कमी भरतं. ३०,००० लोकांत वाहक ३३३, म्हणजे त्यातले ६६-६७ जण 'कमी' रिपोर्ट घेऊन येणार. त्याच ३०,०००त खरा रुग्ण एक. कुपोषण, नेफ्रॉटिक सिंड्रोम (लघवीतून प्रथिनं जाण्याचा मूत्रपिंडाचा आजार), आतड्यातून प्रथिनं जाणं, शेवटच्या टप्प्यातलं यकृत, ही बाकीची कारणं अजून धरलेलीच नाहीत. म्हणजे सरसकट तपासलं तर प्रत्येक खऱ्या रुग्णामागे साठ-सत्तर निरोगी माणसांच्या घरी आपण काळजी पाठवणार.

ओपीडी नुसत्या यकृताच्या पेशंटची असली तरी चित्र फार सुधारत नाही. व्हिएन्नाच्या १९९७च्या अभ्यासात यकृताच्या तक्रारीसाठी आलेल्या २,८६७ जणांचं सेरुलोप्लाझ्मिन बघितलं होतं. कमी निघालं १७ जणांचं, विल्सन ठरला एक. कमी रिपोर्ट खरा ठरण्याची शक्यता सहा टक्क्यांच्याही आत.

म्हणून गाळणी आधी लावायची. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, साखर वाढलेला माणूस आणि सोनोग्राफीत फॅटी लिव्हर : इथे सेरुलोप्लाझ्मिन पहिल्या फेरीत नको. वजन, साखर, दारू, औषधं, हिपॅटायटिस बी आणि सी आधी बघा. याउलट सोळा वर्षांचा सडपातळ मुलगा आणि फॅटी लिव्हर, तर पहिल्याच दिवशी लिहा. विल्सनचं यकृत सुरुवातीला चरबीनेच भरलेलं दिसतं, बायोप्सीतसुद्धा.

माझ्या मते तपासलेच पाहिजेत असे गट :

३ ते ५५ वयात यकृताचा आजार आणि नेहमीची कारणं निगेटिव्ह. वयाची मर्यादा कडक नाही, साठीनंतरही निदान झालेलं आहे, पण भर पाच ते पस्तिशीत.

'ऑटोइम्यून' (स्वतःचीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटलेली) म्हणून स्टेरॉइड चालू असलेला तरुण पेशंट, ज्याचे रिपोर्ट हलत नाहीत. ऑटोइम्यूनच्या खुणा समजल्या जाणाऱ्या रक्ततपासण्या, म्हणजे एएनए पॉझिटिव्ह आणि आयजीजी वाढलेलं, विल्सनमध्येही असू शकतात.

कावीळ आणि सोबत हिमोग्लोबिन झपाट्याने खाली, कूम्ब्स टेस्ट (प्रतिकारशक्तीच रक्तपेशी फोडते आहे का ते सांगणारी) निगेटिव्ह. ही कावीळ आपोआप उतरते आणि 'हिपॅटायटिस ए असेल' म्हणून विषय मिटतो. आपल्याकडे तर ती उतरल्याचं श्रेय झाडपाल्याच्या औषधाला जातं आणि पेशंट पुढच्या वेळी पोटात पाणी झाल्यावरच दिसतो.

यकृत अचानक फेल झालेला तरुण पेशंट, त्यातही मुलगी. इथे प्रमाणाचं गणित एकदम उलटतं. तातडीच्या प्रत्यारोपणासाठी पाठवलेल्यांत विल्सनचा वाटा ६ ते १२ टक्के सांगितलेला आहे. खूण साध्या एलएफटीतच (यकृताच्या नेहमीच्या रक्ततपासणीत) असते : बिलिरुबिन खूप वर, अल्कलाइन फॉस्फटेज मात्र नॉर्मल किंवा चमत्कारिक वाटावं इतकं कमी, एसजीओटी एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त, आणि दोन्ही सहसा २,०००च्या खाली. अल्कलाइन फॉस्फटेजला बिलिरुबिनने भागून ४च्या आत आलं आणि एसजीओटी-एसजीपीटीचं गुणोत्तर २.२च्या वर असलं, तर विल्सन समजूनच फोन फिरवा. वाढीच्या वयातल्या मुलांना पहिलं गुणोत्तर लावू नका, हाडांमुळे त्यांचं अल्कलाइन फॉस्फटेज मुळातच जास्त असतं. अशा पेशंटला औषधांवर थांबवून वाट बघू नये, प्रत्यारोपण केंद्र त्याच दिवशी गाठावं.

बायोकेम_मॅडम

१७चं उत्तर लॅबकडून देते.

पहिलं, मोजलं कशाने ते विचारा. बहुतेक ठिकाणी नेफेलोमेट्री किंवा टर्बिडिमेट्री असते. ती तांबं भरलेलं आणि रिकामं, दोन्ही सेरुलोप्लाझ्मिन मोजते. विल्सनमध्ये गोची नेमकी तांबं भरण्याचीच असते, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा वर दिसू शकतो. ऑक्सिडेज पद्धत (प्रथिनाचं काम मोजणारी) जास्त खरी, पण ती मिळते फार थोड्या ठिकाणी.

दुसरं, हे प्रथिन तापात, जंतुसंसर्गात, गरोदरपणात, गर्भनिरोधक गोळ्यांवर वाढतं. म्हणजे २४ किंवा २८ आलेला, ताप असलेला पेशंट 'सुटला' असं समजू नका. उलट तान्ह्या बाळात ते निसर्गतःच कमी असतं, वर्षाच्या आतल्या रिपोर्टवरून कोणालाही घाबरवू नका.

ढोबळ पट्टे असे : १०च्या खाली, शंका दाट. १० ते २०, काहीही असू शकतं. २०च्या वर, शक्यता कमी पण शून्य नाही. तुमचा १७ मधल्या पट्ट्यात येतो. लाइपझिग गुणपद्धतीत (लक्षणं आणि तपासण्यांना गुण देऊन विल्सन ठरवण्याची रीत) त्याला एकच गुण मिळतो आणि निदानाला चार लागतात.

सीरम कॉपर सोबत पाठवलंत तर मोकळ्या तांब्याचा हिशेब मांडता येतो. सीरम कॉपर मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये घ्या, सेरुलोप्लाझ्मिनच्या मिलिग्रॅमला ३.१५ने गुणून त्यातून वजा करा. कॉपर ६० आणि सेरुलोप्लाझ्मिन १२ असेल, तर ६० वजा ३७.८, म्हणजे २२.२. नॉर्मल १५पर्यंत, उपचार न झालेल्या विल्सनमध्ये बहुधा २५च्या वर. पण कॉपर ८० आणि सेरुलोप्लाझ्मिन ३० असेल तर उत्तर उणे साडेचौदा येतं! रक्तात उणे तांबं नसतं, मोजणी फसलेली असते. एकट्या या आकड्यावर निदान करू नका. सीरम कॉपरसाठी गडद निळ्या टोपणाची, धातूमुक्त ट्यूब मागा. साध्या ट्यूबमधला आकडा विसरा.

खरा निकाल लागतो २४ तासांच्या लघवीतल्या तांब्यावर, आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच. सकाळी सातची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहायची. त्यानंतरची प्रत्येक, दुसऱ्या दिवशी सातची धरून, डब्यात. डबा ॲसिडने धुतलेला प्लास्टिकचा, लॅबने दिलेला, घरातली बाटली नाही. घरच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात धरून मग डब्यात ओतलेली लघवी आली की रिपोर्ट ४००, आणि पेशंटच्या घरी रडारड. हे पेशंटला तोंडी सांगा, कागदावर कोणी वाचत नाही. पाळीच्या दिवसांत गोळा करू नका. सोबत एकूण लघवी किती आणि क्रिएटिनिन किती हे मागा. प्रौढात दिवसाचं क्रिएटिनिन वजनाच्या किलोमागे १५ ते २५ मिलिग्रॅमच्या आसपास असायला हवं. ५० किलोच्या माणसाचं ३०० मिलिग्रॅम निघालं, तर निम्म्याहून जास्त लघवी संडासात गेली.

१००च्या वर मायक्रोग्रॅम आणि साजेशी लक्षणं, निदान जवळपास नक्की. ४०च्या खाली, बहुधा नाही. मुलांमध्ये आणि लक्षणं नसलेल्या भावंडांत ४०च्या वर असलं तरी पुढे जा. कावीळ दीर्घकाळ तुंबलेली असेल किंवा यकृत झटक्यात निकामी होत असेल, तर विल्सनशिवायही १०० ओलांडतं. एका वेळच्या लघवीवर कॉपर करू नका, त्याला अर्थ नाही.

स्लिटलॅम्प

एक दुरुस्ती, वर कोणी अजून डोळ्यांचं नावच काढलेलं नाही.

कायसर-फ्लायशर (केएफ) रिंग, म्हणजे कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) कडेला साठलेलं तांबं, टॉर्चने दिसत नाही म्हणून 'नाही' लिहू नका. आपल्याकडच्या गडद तपकिरी बुबुळावर सोनेरी-तपकिरी कड नुसत्या नजरेला हरवते. रेफरल चिठ्ठीवर 'डोळे तपासा' एवढंच असेल तर पेशंट चष्म्याचा नंबर घेऊन परत येतो. 'स्लिट लॅम्पवर केएफ रिंग पाहावी, विल्सनची शंका' असं स्पष्ट लिहा. स्लिट लॅम्प म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरकडचं सूक्ष्मदर्शक. तांबं कॉर्नियाच्या आतल्या डेसेमेट पडद्यात साठतं. सुरुवात वरून, घड्याळातल्या बाराच्या जागी, मग खाली सहाच्या जागी, शेवटी पूर्ण गोल. वरची पापणी उचलून पेशंटला खाली बघायला लावलं नाही तर नेमकी पहिली कमान झाकलेली राहते. शंका उरली तर गोनिओस्कोपी (खास भिंग लावून कॉर्नियाची कड आतून बघणं).

मेंदूची लक्षणं असलेल्यांत रिंग ९५ टक्क्यांच्या आसपास सापडते. नुसतं यकृत बिघडलेल्यांत जेमतेम निम्म्यांत, लक्षणं नसलेल्या भावंडांत त्याहूनही कमी. म्हणून यकृताच्या पेशंटला 'रिंग नाही, विल्सन नाही' हे वाक्य धोक्याचं. उलट बाजूनेही सांगतो : पित्त दीर्घकाळ तुंबणाऱ्या आजारांत कधीमधी अशीच रिंग येते.

कंपवात

न्यूरोच्या बाजूने दोनच गोष्टी, कारण प्रमाणाचा प्रश्न इथेही तसाच आहे. सत्तरीतल्या पार्किन्सनला सेरुलोप्लाझ्मिन नको. चाळिशीच्या आत थरथर, स्नायूंचा ताठरपणा, बोबडं किंवा घोगरं बोलणं, लाळ गळणं, बिघडत गेलेलं अक्षर, शाळेत अचानक घसरलेले गुण यातलं काहीही नवीन असेल, तर प्रत्येकाला हवं. हात पसरले की पंख फडफडल्यासारखे हलतात तो कंप पाहिलात तर एमआरआयआधीच स्लिट लॅम्पला पाठवा. एमआरआयमध्ये मध्यमेंदूत पांडाचं तोंड दिसतं असं सगळे वाचतात. ते दिसलं तर उत्तम, पण पुटामेनमधला (मेंदूच्या आतला एक भाग) पांढरेपणा जास्त वेळा हाती लागतो.

दुसरी गोष्ट, निदानाच्या आनंदात पेनिसिलॅमिन (तांबं लघवीवाटे बाहेर काढणारं औषध) पूर्ण डोसने सुरू करू नका. मेंदूची लक्षणं सुरुवातीच्या आठवड्यांत वाढू शकतात आणि काहींची परत येत नाहीत. प्रौढात १२५ ते २५० मिलिग्रॅमवरून सुरुवात, दर चार-सात दिवसांनी २५० वाढवत १,००० ते १,५०० पर्यंत. जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तास, सोबत पायरिडॉक्सिन (बी-६ जीवनसत्त्व) २५ ते ५० मिलिग्रॅम. पहिल्या महिन्यांत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लघवीतलं प्रोटीन नियमित. ताप आणि पुरळ आलं तर बंद करून विचारा. हे जिथे रोज हाताळलं जातं तिथूनच सुरू झालेलं बरं.

जनुकसल्ला

घरातल्यांचा प्रश्न राहिलाय, आणि खरं तर 'किती सामान्य' याचं सगळ्यात कामाचं उत्तर तिथेच आहे. रस्त्यावरच्या माणसाला ३०,०००त १. रुग्णाच्या सख्ख्या भावंडाला ४त १. रुग्णाच्या मुलाला, जोडीदार नात्यातला नसेल तर, १८०त १. तपासणीचा पैसा आधी कुठे घालायचा ते इथेच कळतं.

नात्यातल्या लग्नाचाही हिशेब मांडते, कारण दक्षिण महाराष्ट्रात आजही मामाची मुलगी करण्याची रीत आहे. ३०,०००चं प्रमाण धरलं तर सदोष जनुकाची वारंवारिता १७३त १. सख्ख्या आते-मामे भावंडांच्या लग्नात होणाऱ्या मुलाला धोका येतो सुमारे २,५५०त १, म्हणजे जवळपास बारा पट. मामा-भाचीच्या लग्नात १,३००त १च्या आसपास. एका जातीतच, ठरावीक पाच-पंचवीस गावांतच सोयरीक होत राहिली तर नातं कागदावर नसलं तरी प्रमाण वाढतं, ते या गणितात आलेलं नाही. म्हणून हिस्टरी घेताना 'नात्यात लग्न?' एवढंच विचारून थांबू नका. दोन्हीकडची मूळ गावं विचारा.

क्रम असा ठेवा. आधी रुग्णाचं एटीपी७बी पूर्ण वाचून घ्या. पूर्व आशियात किंवा युरोपात एखादा दोष ठळकपणे जास्त आढळतो, तसं भारतात नाही. सी२७१एक्स हा दोष बऱ्याच ठिकाणी दिसतो, पण तेवढ्यापुरती स्वस्त टेस्ट निगेटिव्ह आली तर काहीच सिद्ध होत नाही. दोन दोष सापडले की आई-वडिलांचं तपासा, एक दोष आईकडचा आणि एक वडिलांकडचा आहे याची खात्री करा. दोन्ही एकाच बाजूचे असतील तर ते एकाच प्रतीवर आहेत, दुसरी प्रत शाबूत असू शकते. ही पायरी गाळल्याने चुकीची निदानं होतात. त्यानंतर भावंडांचं फक्त त्या दोन जागांचं सँगर (जनुकाचा ठरावीक भाग वाचणारी तपासणी), ते बरंच स्वस्त पडतं. रिपोर्टवर 'अर्थ अनिश्चित' लिहिलेला बदल असेल तर त्याला दोष धरू नका.

जनुकीय तपासणी परवडत नसेल तर भावंडांचं वय दोन झाल्यावर एलएफटी, सेरुलोप्लाझ्मिन, २४ तासांची लघवी, स्लिट लॅम्प. नॉर्मल आलं तरी काही वर्षांनी पुन्हा. 'धाकटा धडधाकट आहे' हे कारण नाही. धाकटा धडधाकट असतानाच सापडला तर झिंकवरसुद्धा आयुष्यभर धडधाकट राहतो. मात्र औषध आयुष्यभर. बरं वाटतंय म्हणून बंद केलेल्यांचं यकृत काही महिन्यांतही बसू शकतं.

वाहकांना उपचार लागत नाहीत, पथ्य लागत नाही, त्यांचं लग्न मोडायचं काहीच कारण नाही. हे रिपोर्ट देतानाच सांगा, मागून सांगितलेलं कोणी ऐकत नाही.

वाचक_नाशिक

मी डॉक्टर नाही, फार्मसीत आहे. तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिऊन हा आजार होतो असं लोक काउंटरवर विचारतात. होतो का?

यकृतवाला

नाही. विल्सन जन्मजात आहे, यकृतातून पित्तावाटे तांबं बाहेर टाकणारा पंपच सदोष असतो. निदान झालेल्याने मात्र तांब्याच्या भांड्यातलं पाणी बंद करावं, आणि कलेजी, काजू, चॉकलेट, मशरूम, कालवं-तिसऱ्या किमान पहिलं वर्षभर टाळाव्यात.

लोकांच्या मनात जे आहे ते बहुधा दुसऱ्या एका आजारातून आलंय. पूर्वी आपल्याकडे सहा महिने ते चार-पाच वर्षांच्या मुलांना होणारा इंडियन चाइल्डहुड सिरॉसिस होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले आनंद पंडित, शीला भावे आणि इंग्लंडचे स्टुअर्ट टॅनर यांनी १९८३च्या 'लॅन्सेट'मध्ये त्याचा संबंध बाळाला लवकर सुरू केलेल्या, पितळेच्या किंवा तांब्याच्या कल्हई नसलेल्या भांड्यात तापवलेल्या दुधाशी जोडला. स्टील आलं, भांडी बदलली, आजार जवळपास नाहीसा झाला. त्या मुलांच्या यकृतात तांबं विल्सनपेक्षाही जास्त साठायचं, पण सेरुलोप्लाझ्मिन कमी नसायचं. त्यामुळे बायोप्सीत कोरड्या वजनाच्या ग्रॅममागे २५० मायक्रोग्रॅमच्या वर तांबं आलं की विल्सनच, असं लहान मुलात डोळे मिटून म्हणू नये. सिरॉसिसमध्ये तांबं सारखं पसरलेलं नसतं, तेव्हा छोट्या तुकड्यात कमी येऊन खरा रुग्ण सुटूही शकतो.

तालुका_फिजिशियन

गाळणी पटली. एक शेवटचं : ३८ वर्षांचा पेशंट, सेरुलोप्लाझ्मिन १३, सीरम कॉपरही कमी, २४ तासांच्या लघवीत कॉपर ९ मायक्रोग्रॅम. एसजीपीटी जरा वर, हिमोग्लोबिन ८.५, पांढऱ्या पेशी २,९००. गुण जुळत नाहीत. कोविडपासून झिंक असलेली गोळी रोज चालू आहे, ५० मिलिग्रॅमची.

बायोकेम_मॅडम

उत्तर शेवटच्या ओळीत आहे. झिंकमुळे आतड्यातून तांबं शोषलं जात नाही, विल्सनमध्ये आपण तेच औषध म्हणून वापरतो. निरोगी माणसाने वर्षानुवर्षं घेतलं तर तांब्याची कमतरता होते : सेरुलोप्लाझ्मिन कमी, सीरम कॉपर कमी, लघवीतलंही कमी, रक्तक्षय आणि पांढऱ्या पेशी घटलेल्या. विल्सनमध्ये लघवीतलं वाढलेलं असतं, फरक तिथेच कळतो. गोळी बंद, दोन-तीन महिन्यांनी सगळं पुन्हा.

कंपवात

आणि त्याला चालताना तोल जातो का, पायांत मुंग्या येतात का, ते आजच विचारा. तांबं फार कमी पडलं की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूवर परिणाम होतो, बी-१२ कमी झाल्यासारखाच. रक्त सुधारतं, हे पूर्ण भरून येईलच असं नाही, त्यामुळे लक्षणं असतील तर दोन महिने थांबू नका, कॉपर सुरू करण्यासाठी लगेच पाठवा.